संदेष्ट्यांच्या शिष्यांचे घर

वाचावयाचा भाग : २ राजे ६ : १–७, तसेच ४ : १–७ व ४ : ३८–४१



अलीशा संदेष्ट्याची अद्भुत कृत्ये आपल्या मंडळ्यांत वारंवार सांगितली जातात. परंतु त्या कृत्यांच्या मधोमध एका विद्यालयाची हकीकत आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. संदेष्ट्यांचे शिष्य एकत्र राहत, एका भांड्यातले अन्न खात, गुरूच्या पायांशी बसून शिकत. त्यांना जागा अपुरी पडली, अन्नात विष निघाले, त्यांच्यापैकी एकाच्या मागे कर्ज राहिले व दुसऱ्याच्या हातची कुऱ्हाड पाण्यात पडली. देवाच्या सेवेस निघालेल्या तरुणांच्या या लहानसहान अडचणी पवित्र शास्त्राने लिहून ठेविल्या, त्या अर्थी आपणही त्यांचा विचार करावा, यात काही कमीपणा नाही.

उन्हाळ्यात परीक्षांचे निकाल लागू लागले म्हणजे खेड्यापाड्यांतील मंडळ्यांकडून आम्हांस एकच प्रश्न येतो : आमच्या मुलास ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात घालावयाचे आहे, तर काय काय लागते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही या शिष्यांच्या हकीकतीच्या आधाराने देऊ इच्छितो.

पहिली गोष्ट प्रवेशाची. शिष्यांना यार्देनेकडे जावयाचे होते. ते आपल्या मनाने उठून गेले नाहीत. त्यांनी गुरूला विचारिले, त्याची अनुज्ञा घेतली व त्याने आपल्याबरोबर यावे अशी विनंती केली. यास्तव आजही बहुतेक विद्यालये नुसती गुणपत्रिका पाहून कोणास घेत नाहीत. बाप्तिस्म्याचा दाखला, मंडळीच्या सभासदत्वाचा दाखला, पाळकाचे शिफारसपत्र व मंडळीने आपणास पाठविले आहे असे दर्शविणारे पत्र ही ती मागतात. प्रकृती चांगली असल्याचा वैद्यकीय दाखला लागतो. पुष्कळ ठिकाणी उमेदवाराने आपल्या पाचारणाविषयी स्वतःच्या हाताने लिहून द्यावयाचे असते. नंतर पवित्र शास्त्राच्या ज्ञानाची व भाषेची लेखी परीक्षा होते आणि शेवटी समक्ष मुलाखत होते.

यांपैकी मंडळीच्या पत्राविषयी दोन शब्द कठोरपणे बोलणे आम्हांस भाग आहे. ते पत्र ही साक्ष आहे. ज्या मुलास वडिलांनी व पंचांनी कधी प्रार्थनेस पाहिले नाही, ज्याने रविवारच्या शाळेत एक वर्गही घेतला नाही, त्याच्याविषयी 'हा उत्साही व विश्वासू आहे' असे लिहून खाली सह्या करणे म्हणजे नवव्या आज्ञेचा भंग होय. शेत थोडे व भाऊ अधिक, दुसरी नोकरी लागत नाही, बाप मंडळीत वजनदार आहे, ही कारणे मनुष्याच्या दृष्टीने समजण्याजोगी असली तरी ती पाचारण नव्हेत. वेदीवर लंगडे कोकरू आणणाऱ्यांना मलाखीने काय सुनावले ते आठवावे. जो मुलगा किंवा जी मुलगी तुमच्या घराचा आधार आहे, जिला किंवा ज्याला दुसरीकडेही मान मिळाला असता, तिच्याविषयी अथवा त्याच्याविषयी प्रथम प्रार्थना करा. मुलींस आम्ही हेतुपुरस्सर सांगत आहो. या विद्यालयांची दारे त्यांनाही उघडी आहेत.

शिक्षणाच्या पात्रतेविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या देशातील पुष्कळ ईश्वरविज्ञानाची विद्यालये सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेली आहेत. हे सेरामपूर आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे, तर बंगालमध्ये हुगळी नदीच्या तीरावरील गाव होय. तेथे केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी १८१८ साली विद्यालय स्थापिले. आरंभी ३७ विद्यार्थी होते आणि त्यांत ख्रिस्ती व हिंदू दोन्ही होते. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याची सनद दिली व १९१८ च्या कायद्याने त्या अधिकाराची व्यवस्था लागली. या सिनेटच्या बी.टीएच. पदवीसाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. बी.डी.चा अभ्यास पदवीधरांस साधारणतः चार वर्षांचा आहे, त्यापुढे एम.टीएच. ज्यांना घरदार व सेवा सोडून जाता येत नाही, अशा उपदेशकांसाठी घरी राहून अभ्यास करण्याचे क्रमही आहेत. कित्येक विद्यालयांत, उदाहरणार्थ १९५३ साली यवतमाळास नावारूपास आलेल्या व १९८३ साली पुण्यास गेलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, शिक्षण इंग्रजीतून होते. म्हणून ज्यास तेथे जावयाचे आहे त्याने आधीचे एक वर्ष इंग्रजी वाचनास द्यावे. नियम व शुल्क वेळोवेळी बदलतात. यास्तव चालू वर्षाचे माहितीपत्रक स्वतः मागवून पाहावे. शेजारच्या गावच्या मुलाने पाच वर्षांपूर्वी काय केले, एवढ्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट राहण्याची. शिष्यांची पहिली तक्रार जागेची होती, व अलीशाने तिचा धिक्कार केला नाही. विद्यालयात राहणे हा शिक्षणाचाच एक भाग आहे. वसतिगृहात कोकणचा, मराठवाड्याचा, नागालँडचा व केरळचा मुलगा एका छपराखाली राहतात. एकाची भाकरी, दुसऱ्याचा भात. एकाची प्रार्थना मोठ्याने, दुसऱ्याची मनातल्या मनात. ज्याने आजवर आपलाच वाडा, आपलीच जात व आपलीच मिशन पाहिली, त्यास येथे प्रथम कळते की ख्रिस्ताचे शरीर आपल्या गावाहून मोठे आहे. पाहुण्याबरोबर दोन दिवस गोड बोलणे सोपे आहे. परंतु ज्याच्याशी न्हाणीघर व दिवा वाटून घ्यावयाचा, त्याच्यावर चार वर्षे प्रीती करणे हाच पाळकपणाचा पहिला धडा आहे. ज्यास तो येणार नाही, त्यास भांडखोर मंडळी सांभाळता येणार नाही.

विवाहित उमेदवारांनी मात्र एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी. कुटुंबासाठी खोल्या थोड्या असतात व त्या सर्वांस मिळतातच असे नाही. प्रवेश मिळाला म्हणून बायकोमुलांसह सामान घेऊन दारात उभे राहू नये. तसेच पत्नीला मागे ठेवावयाचे असेल, तर तिचे कसे चालेल याचा विचार मंडळीने जाण्यापूर्वी करावा, गेल्यावर नव्हे. जेथे पत्नींसाठी वर्ग आहेत तेथे तिनेही शिकावे. गावात पाळकीणबाईंस जे विचारिले जाते ते पाळकास पुष्कळदा कोणी विचारीत नाही.

तिसरी गोष्ट अभ्यासाची. गिलगाल येथे दुष्काळ होता. शिष्यांसाठी भांडे चुलीवर चढले. एक जण रानात गेला व रानवेलीची फळे ओटीत भरून घेऊन आला आणि ती चिरून भांड्यात टाकिली. तो दुष्ट नव्हता, आळशीही नव्हता. सर्वांत आधी उठून गेला तो हाच असावा. त्याचा दोष एवढाच की आपण काय तोडीत आहो हे त्यास ठाऊक नव्हते. आणि त्यामुळे भांड्यात मरण आले.

बंधूंनो, 'आत्मा शिकवील, मग पुस्तके कशाला?' असे म्हणणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांनी हे भांडे पाहावे. आज मोबाइलवर दर घटकेस नवा उपदेश येतो. कोणी शेवटच्या दिवसाची तारीख सांगतो, कोणी तेल विकतो, कोणी अमुक रक्कम पाठविल्यास रोग जाईल असे म्हणतो. खेड्यातील भोळा उपदेशक ते रानफळ ओटीत भरून रविवारी मंडळीच्या भांड्यात टाकितो. त्याचा हेतू चांगला असतो, पण खाणाऱ्याच्या पोटात हेतू जात नाही, फळ जाते. म्हणून विद्यालयात जुना व नवा करार ओळीओळीने शिकवितात, मंडळीचा इतिहास शिकवितात, इतर धर्मांचा आदरपूर्वक अभ्यास करवितात आणि इब्री अथवा ग्रीक भाषेची ओळख करून देतात. यासाठी की वेल ओळखता यावी.

भाषेचे श्रम आपल्या मातीस परके नाहीत. केरी हा मूळचा चर्मकार. महाविद्यालयात शिकलेला नव्हता. तरीही त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापिले, आणि १८११ साली मराठी नवा करार सेरामपुरात छापून निघाला. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, यासाठी की साध्या बायांस ते समजावे. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या, तोवर हे काम त्यांच्या हातून चालू होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी, तरी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगरास विद्यार्थ्यांस शिकविण्याचे काम पत्करिले. ज्यांना बुद्धी होती त्यांनीच अधिक श्रम केले. मग ज्यास थोडी आहे त्याने श्रम टाळावे हे कसे शोभेल?

आणि अभ्यासात अपयश आले तर? येथे कुऱ्हाडीची गोष्ट आहे. लाकूड तोडता तोडता एकाच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडले व तो ओरडला की ती मागून आणलेली होती. त्याने ते लपविले नाही. नुसता दांडा हातात धरून तोडल्याचे सोंग केले नाही. अलीशाने विचारिले, ती कोठे पडली? त्याने ठिकाण दाखविले. ग्रीकच्या परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी, प्रार्थनेत ज्याचे मन कोरडे झाले आहे असा विद्यार्थी, यांनी हेच करावे. गुरूला ठिकाण दाखवावे. मग लोखंड वर आले, तरी अलीशाने ते उचलून दिले नाही. हात पुढे करून ते त्यालाच घ्यावे लागले. कृपा लोखंड तरंगविते, परंतु पुन्हा पुस्तक उघडण्याचे काम आपले आहे.

शिवाय ती कुऱ्हाड दुसऱ्याची होती, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. विद्या मंडळीची आहे; ती तुम्हांस काही दिवस उसनी मिळाली आहे. पदवी मिळताच ज्यास शहराखेरीज चैन पडत नाही व आपल्या गावच्या लोकांची भाषा ज्यास गावंढळ वाटू लागते, त्याने मागून आणलेली कुऱ्हाड परत केली नाही.

शेवटची गोष्ट पैशाची, आणि ती मंडळ्यांस सांगावयाची आहे. त्याच शिष्यांपैकी एक जण मरण पावला. तो देवाचे भय बाळगणारा होता, तरी त्याच्यामागे कर्ज राहिले व सावकार त्याच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला. देवभीरूपणाने कर्ज फिटत नाही, हे शास्त्र लपवीत नाही. आजही शिक्षणशुल्क, खाणावळीचा महिन्याचा खर्च, पुस्तके व जाण्यायेण्याचे भाडे यांसाठी बाप सोसायटीचे कर्ज काढितो, आई बचत गटातून रक्कम उचलते. आणि ज्या मंडळीने टाळ्या वाजवून मुलास निरोप दिला तिला याची वार्ताही नसते. मग तो पाळक होऊन परत येतो तेव्हा पहिली काही वर्षे देणेकऱ्यांची तोंडे चुकविण्यात जातात, आणि आपण म्हणतो की याचे सेवेत मन नाही.

अलीशाने त्या विधवेस शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगितले, आणि ती थोडी आणू नको असेही बजाविले. तेल देवाचे होते, परंतु भांडी शेजाऱ्यांची होती. भांडी संपली तेव्हाच तेल थांबले. आपल्या मंडळीचे तेल कोठे थांबले आहे, हे प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन पाहावे. यार्देनेच्या तीरी प्रत्येकाने एकेक वासा आणावयाचा होता; एकाने सर्व घर बांधावयाचे नव्हते. घरोघरची मूठभर ज्वारी, सुगीच्या सणाच्या अर्पणातील ठराविक हिस्सा, शहरात नोकरीस गेलेल्या सभासदांची महिन्याची वर्गणी, एवढे नियमाने जमले व त्याचा हिशेब रविवारी वाचून दाखविला, तर एका विद्यार्थ्याची खाणावळ खेडेगावच्या मंडळीसही जड जाणार नाही. ज्या विद्यार्थ्यास ठाऊक आहे की आपण म्हाताऱ्या बायांच्या मुठीतली ज्वारी खात आहो, तो वर्गात झोपणार नाही, व परत येण्याचेही विसरणार नाही.

आज कित्येक गावांस एकच पाळक आहे. प्रभुभोजनासाठी मंडळ्या महिनोन् महिने वाट पाहतात, आणि मेलेल्यांस पुरावयास वडिलांनाच उभे राहावे लागते. पीक फार व कामकरी थोडे, हे प्रभूचे म्हणणे आपण ऐकले आहे. परंतु कामकरी पाठीव, अशी प्रार्थना करून जो आपल्या घरातील मुलास मागे ओढितो, किंवा पाठविलेल्या मुलास उपाशी ठेवितो, त्याची प्रार्थना त्याच्याच हाताने अडविलेली आहे.

येत्या रविवारी उपासनेनंतर वडिलांनी व पंचांनी थोडा वेळ बसावे. आपल्यांत ज्यास किंवा जिला पाठवावे असे कोण आहे, हे एकमेकांस विचारावे. नाव सुचले तर प्रार्थना करावी, मग खर्चाचा आकडा कागदावर मांडावा आणि कोणाचा वासा किती हे तेथेच ठरवावे. नाव सुचले नाही, तर खोटी सही करू नये. आपल्या घराघरांतून मुले प्रार्थनेत का वाढत नाहीत, याचा शोध घ्यावा.

अलीशाने शिष्यांस नुसते 'जा' म्हटले नाही. त्यांनी विनवणी केली तेव्हा तो त्यांच्याबरोबर चालला. आपला प्रभू त्याहून थोर आहे. आपण ज्यांस प्रामाणिकपणे पाठवू, त्यांच्याबरोबर तोही चालेल. त्याची कृपा पाठविणाऱ्यांवर व जाणाऱ्यांवर असो. आमेन.