भीती आणि भय

शेतकऱ्याला भीती शिकवावी लागत नाही. मृगात पाऊस येतो की नाही, ही पहिली भीती. आला तर श्रावणात उघडीप किती लांबते, ही दुसरी. पीक काढणीला आलं की गारपिटीची, आणि त्यातूनही वाचलं तर भाव पडायची. सोसायटीच्या कर्जाची भीती तर बारमाही, तिला हंगाम नाही. मी साठी ओलांडली आहे. या सगळ्या भीत्या माझ्या घरच्याच झाल्यात. म्हणून व्यासपीठावरून कुणी 'श्रद्धा ठेवा, भीती पळून जाईल' असं सोपं करून सांगितलं की मी मान हलवतो, पण मनातून ते पटत नाही. भीती खरंच जाते का, जात असेल तर तिच्या जागी काय येतं, एवढंच मला माझ्या दहावीपर्यंतच्या शिक्षणाच्या बळावर इथं मांडायचं आहे.

आम्ही नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले आणि पुढं हळूहळू खेड्यापाड्यांत पोचले. आमच्यासारखी बहुतेक घरं महार-मांग वस्तीतली. गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून विहीर काही खुली झाली नाही. मग बदललं काय? आजी सांगायची, "तुझा आज्जा पाटलापुढं वाकून बोलायचा, तो जरा सरळ हून बोलाया लागला." एवढंच बदललं. पण हे 'एवढंच' किती मोठं, ते ज्याच्या पाठीचा कणा पिढ्यान् पिढ्या वाकवला गेला त्यालाच कळेल.

लहानपणी रविवारच्या शाळेत माझ्या डोक्यात एक कोडं घुसलं, ते बरीच वर्षं निघालं नाही. शास्त्रात देव माणसाला सारखं 'भिऊ नको' म्हणतो. अब्राहामाला म्हणतो, यहोशवाला म्हणतो. ख्रिस्तजन्माच्या रात्री मेंढपाळांना देवदूत पहिली गोष्ट सांगतो ती हीच. आणि तेच शास्त्र पुन्हा सांगतं की ज्याच्या मनात परमेश्वराचं भय नाही, त्याचं शहाणपण सुरूच झालं नाही. मग भ्यायचं की नाही भ्यायचं? मी मास्तरांना विचारलं. त्यांनी उत्तरादाखल नरकातल्या आगीचं असं काही वर्णन केलं की मी आठ दिवस चुलीजवळ बसलो नाही. कोडं तसंच राहिलं.

ते उलगडलं ते रानात. आमची विहीर सहा परस खोल, कठडा नसलेली. मोट गेली आणि इंजिन आलं होतं. फूटव्हॉल्वमध्ये कचरा अडकला की खाली उतरावं लागायचं. मला पहिल्यांदा उतरवताना वडील म्हणाले, "इहिरीला भिऊ नको. पर इहिरीचं भ्या सोडू बी नको." तेव्हा मला ते उलटसुलट वाटलं. आता वाटतं, माझ्या कोड्याचं उत्तर त्यातच होतं. विहिरीला जो घाबरला तो तिकडं फिरकतच नाही, त्याचं रान वाळून जातं. ज्याला तिचं काहीच वाटत नाही, तो काठावर मस्ती करतो आणि एक दिवस आत जातो. ज्याला तिचं भय कळलं, तो रोज तिच्यापाशी जातो, पाय रोवून उभा राहतो आणि पाणी काढतो.

शब्दकोशात भीती आणि भय यांचा अर्थ एकच सापडेल. मी मात्र मनाशी दोन्ही वेगळे ठेवले आहेत. भीतीनं माणूस लांब पळतो. भयानं माणूस जवळ जातो, पण चपला बाहेर काढून जातो. देवाच्या बाबतीत शास्त्र मागतं ते हे दुसरं. बापाच्या धाकात वाढलेलं पोरही अंधार पडला की बापाच्याच अंगाला बिलगतं. त्या धाकात मारापेक्षा भरवसा जास्त असतो.

आता रात्रीच्या पाण्याचं सांगतो. शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, शेतीपंपाची लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की थंडीत, चिखलात, बॅटरीच्या उजेडात दारं धरायची. एक वाफा भरला की फावड्यानं दारं मोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात घ्यायचं, असं पहाटेपर्यंत. त्यात आमच्या भागात बिबट्या. उसातच तो राहतो, उसातच माद्या पिलं घालतात. तोडणीच्या वेळी पिलं सापडली की वनखात्याची माणसं ती परत आईजवळ सोडतात. जाणकार सांगतात, वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. आणि दारं धरायची म्हणजे वाकल्याशिवाय भागत नाही.

मी जाताना प्रार्थना करतो. आणि घुंगुरकाठीही घेतो, बॅटरीही घेतो, मोबाईलवर भजनं मोठ्यानं लावतो. एकदा मंडळीतल्या एका तरुणानं मला टोकलं, "काका, प्रार्थना केली ना? मग काठी कशाला? विश्वास कमी पडतो का?" मी त्याला म्हटलं, बाबा, सैतानानं प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाक म्हणून सांगितलं होतं, देवदूत झेलतील म्हणाला होता. प्रभूनं उडी टाकली नाही. देवाची परीक्षा बघायची नसते. काठी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. दिलेली अक्कल देवानं परत मागितलेली नाही. विश्वासाचं काम वेगळंच असतं. काठी, बॅटरी सगळं घेऊनही बांधावर पाय टाकताना छातीत जे धडधडतं, त्या धडधडीसकट रानात जायला लावणं, हे विश्वासाचं काम.

पण बिबट्याची भीती सोपी म्हणायची. माणसाची भीती अवघड. बिबट्या रात्रीच भेटतो, माणूस दिवसाढवळ्या समोर बसलेला असतो.

निर्गमाच्या पुस्तकात दोन सुइणींची गोष्ट आहे. शिप्रा आणि पुवा. मिसरच्या राजानं त्यांना हुकूम दिला की इब्री बायकांना मुलगा झाला तर तिथंच मारून टाका. त्या काळी फारो म्हणजे पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा राजा, आणि या दोन सुइणी. त्यांनी हुकूम पाळला नाही, पोरं जगवली. कारण शास्त्र एकच देतं, त्यांना देवाचं भय होतं. फारोची भीती त्यांना वाटली नसेल असं मला वाटत नाही. दोन भ्यांच्या कचाट्यात त्या सापडल्या होत्या आणि त्यातल्या थोरल्या भयानं धाकट्या भीतीला गप्प बसवलं. माझ्या मते परमेश्वराच्या भयाचा उपयोग हा असा आहे. इतर भीत्या मरत नाहीत, पण त्यांना त्यांची जागा कळते.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलं. आमच्या शेजारच्या शेताची मालकीण विधवा होती. पलीकडच्या बड्या शेतकऱ्यानं दरवर्षी नांगरताना तिचा बांध कोरत कोरत तीन-चार हात आत आणला. शेवटी बांधावरची जुनी बोर होती, तीही तोडून खोड उपटून टाकलं, म्हणजे खूणच राहू नये. बाईनं तक्रार केली. चौकशीला माणसं आली. बांध मूळ कुठं होता हे सांगायला साक्षीदार हवा. गावात निम्म्या लोकांनी त्या बोरीची बोरं खाल्लेली, पण त्या दिवशी कुणालाच बोर आठवेना.

वडिलांना आदल्या संध्याकाळी निरोप आला होता, "पाटाच्या पाण्याची पाळी आमच्या हातात हाये, इचार करून बोल." खोटं नव्हतं ते. भंडारदऱ्याच्या पाटाचं पाणी चारीनं यायचं, वरची शेतं त्या माणसाची आणि आमचं हाडोळ्यातलं तीन एकर चारीच्या शेपटाला. त्या रात्री वडील अंगणात बसून तंबाखू मळत होते आणि ती सारखी हातातून सांडत होती. हात थरथरत होते. ते मी पाहिलंय, म्हणून त्यांना भीती वाटलीच नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी ते गेले, जिथं बोर होती तिथं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बोर हितं व्हती. हितं उकरून बघा, मुळ्या सापडत्याल." मुळ्या सापडल्या.

परतताना एकानं विचारलं, "त्याला भ्याला न्हाईस?" वडील म्हणाले, "त्याला भेतोच की. पर मेल्यावर त्याच्याफुडं उभं ऱ्हायाचं न्हाई मला."

गोष्ट इथंच संपवली तर ती गोड होईल. पण त्या हंगामात आमची पाळी दोनदा चुकली. चुकवली गेली म्हणा. अर्धा एकर कांदा डोळ्यांदेखत वाळला. आई एका रात्री बोलली, "तुमी देवाला भ्यालात, आता पोरास्नी काय घालू?" वडिलांनी उत्तर दिलं नाही. आमच्या घरात त्या प्रश्नाला आजतागायत कुणी उत्तर दिलेलं नाही. बाईचा बांध मात्र मोजणी होऊन जागेवर गेला. ती बाई पुढं आठवड्याला आमच्या दारात दुधाचा तांब्या ठेवून जायची, काही न बोलता. कांद्याची भरपाई त्यानं झाली का? हिशेबानं नाही झाली. म्हणून मी कुणाला सांगत नाही की देवाला भ्या, म्हणजे तुमचं नुकसान होणार नाही. नुकसान होतं. फक्त माणूस स्वतःच्या नजरेतून उतरत नाही.

आणखी एक भीती आहे, ती धर्माच्याच नावानं माणसाच्या मनात बसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन आहे. हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. बाजारातून आणलेला जिन्नससुद्धा धुऊन घ्यायचा, सगळं घर त्या विटाळाच्या धसक्यात. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. बाई लगेच झाल्या नाहीत. कित्येक वर्षं त्या आपल्या धर्माला धरून राहिल्या. पुढं नगर-राहुरीकडच्या दिवसांत, बाप्तिस्म्याच्याही आधी, त्यांच्या मनातली जातीची गाठ सुटली. माणूस सगळा देवानंच घडवला, मग कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या हातचं नाही हे कुठून आलं, असा त्यांचा विचार झाला. मला यात देवाच्या भयाचं दुसरं काम दिसतं. देव मोठा झाला की विटाळ आपोआप लहान होतो. ज्यांचा स्पर्श चुकवला जायचा त्यांचा मी नातू. म्हणून ती पानं वाचताना त्या एकट्याच मोकळ्या झाल्या असं मला वाटत नाही. भिणारा आणि ज्याला भितात तो, दोघंही एकाच दाव्याला बांधलेले असतात.

आणि ज्याला भीती वाटते त्यानं लाजू नये, हेही सांगितलं पाहिजे. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोरगा होतो. आईवडील खडी फोडायला जायचे, आम्ही सुकडी आणि लाल मिलो खाऊन राहायचो. चर्चमध्ये एक म्हातारे पंच प्रार्थना करताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "प्रभू, आमाला लई भ्या वाटतंय." बस्स, आमेन. इतकी खरी प्रार्थना मी नंतर फार थोडी ऐकली. गेथशेमाने बागेत प्रभू येशूसुद्धा अशीच रात्र काढत होता. घाम गळत होता, हा प्याला टळला तर बरं असं म्हणत होता, आणि ज्यांच्या भरवशावर होता ते शिष्य झोपले होते. ज्याला आपण देवाचा पुत्र मानतो त्यालाही भीती चुकली नाही. मग आपली काय कथा! तो भ्याला, पण बापापासून पळाला नाही. भीती घेऊन त्यानं बापाच्याच पायाशी गुडघे टेकले.

आमच्या गावात रिक्षांच्या, टेम्पोंच्या मागं अक्कलकोटच्या स्वामींचं 'भिऊ नकोस' लिहिलेलं असतं. माझा वारकरी मित्र विठ्ठलाच्या भरवशावर याच बिबट्याच्या उसात माझ्या शेजारच्या वाफ्याला पाणी देतो. रात्री तो तिकडून हरिपाठ म्हणतो, मी इकडून टिळकांची भजनं म्हणतो. दोघांचा आवाज मिळून बिबट्या लांब राहत असेल तर ते बिबट्यालाच माहीत. पण पलीकडं कुणीतरी जागं आहे, हे दोघांनाही कळतं. देवाचं भय धरलेल्या माणसांची मला ही खूण वाटते. त्यांच्या शेजारी दुसऱ्याला भीती वाटत नाही. ज्याच्या देवभक्तीनं घरातली बायको-पोरं, गडीमाणसं, परजातीचा शेजारी दबकून वागतात, त्यानं देवाचं भय धरलेलं नाही. तो स्वतःच फारो होऊन बसला आहे.

माझ्या भीत्या अजून आहेत. या साली विहिरीनं माघातच तळ दाखवला, कर्जाचा हप्ता तोंडावर आहे. पण त्यांच्या वर एक भय आहे, आणि ते माझ्याकडून कुणाचा बांध कोरवून घेत नाही. एवढं भय पोरांच्या पदरी पडलं तर तीन एकरांपेक्षा ते जास्त भरेल, असं मला वाटतं.