तुटलेले सांधताना

आमच्या धर्मग्रामातील एक मावशी कर्करोगाच्या उपचारासाठी पाच आठवडे नागपुरात मुक्काम करून होत्या. रेडिएशनला आपल्याकडे लोक ‘शेक’ म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज थोडा थोडा शेक, शनिवार-रविवार सुट्टी. मी भेटीस गेलो तेव्हा त्यांनी विचारले, “फादर, एकाच दिवशी सारा शेक देऊन मोकळं काहून नाही करत?” मला उत्तर येत नव्हते. सेमिनरीत आम्ही आत्म्याविषयी पुष्कळ शिकलो, पेशीविषयी फारच थोडे.

उत्तर असे की, किरण पेशीतील डीएनएचा धागा तोडतात. १ ग्रे इतकी मात्रा मिळाली, तर मानवी पेशीत धाग्याचे दोन्ही पदर एकत्र तुटण्याचे सुमारे ३० ते ४० प्रसंग घडतात. निरोगी पेशी ते बहुतांशी सांधून घेते. कर्करोगाच्या पेशीला हे काम बहुधा तितकेसे साधत नाही. म्हणून रोज थोडे तोडायचे आणि मधल्या तासांत निरोगी पेशीला उसंत द्यायची.

हे सांधकाम आज डोळ्यांनी पाहता येते. तूट पडताच तिच्या आसपासच्या एका प्रथिनावर काही मिनिटांत खूण उमटते, हे १९९८ साली अमेरिकेतील विल्यम बॉनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्या खुणेला चमकणारे प्रतिद्रव्य चिकटवले की सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके उजळतात. काही तासांनी पुन्हा मोजावेत, तर ते कमी झालेले असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून बारीक असे वेगळे दिसत नसे. ती मर्यादा ओलांडणाऱ्यांना २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि डीएनएच्या दुरुस्तीचा उलगडा करणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच व सँकार यांना पुढच्याच वर्षीचे. आपल्याकडे खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये किरणांना दाद न देणाऱ्या पेशींचा अभ्यास चालतो. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डायनोकॉकस नावाच्या जंतूवर काम झाले आहे. हा जंतू १९५६ साली अमेरिकेत किरणांनी निर्जंतुक करू पाहिलेल्या मांसाच्या डब्यात जिवंत सापडला! त्याच्या डीएनएचे शेकडो तुकडे झाले तरी तो काही तासांत सारे जुळवून घेतो; कारण त्याच्यापाशी एकाच मजकुराच्या अनेक प्रती असतात.

मला खिळवून ठेवले ते पुढील गोष्टीने. पेशीच्या सांधण्याच्या मुख्य रीती दोन. एकीत तुटलेली टोके जवळ ओढून सरळ जोडली जातात. काम झटपट होते, परंतु कधी एखादे अक्षर गळते, कधी भलतेच टोक भलत्याला जुळते. दुसऱ्या रीतीत पेशी आपल्या धाग्याची जुळी प्रत शोधते, ती वाचते आणि गळालेला मजकूर तिच्यावरून उतरवून घेते. हे सावकाशीचे, पण विश्वासू काम.

हे वाचले तेव्हा मला रिद्धपूर आठवले. मोर्शी तालुक्यातील त्या गावी गोविंदप्रभू राहिले. तेथेच म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसा-माणसाला विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते की, स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणून तिचे निरनिराळे पाठ झाले. हिराइसेचा पाठ त्यांतलाच. त्या लोकांनी मन मानेल तसे टोकाला टोक जोडले नाही. ज्यांच्यापाशी मजकूर शिल्लक होता त्यांना शोधले. तरीही पाठभेद राहिले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ मी नाताळापूर्वी एकत्र आणले. वडिलांनी वाटणी काय केली होती हे मी विचारलेच नाही. “झाले गेले विसरा” म्हणालो, हातात हात दिले, मिस्सेनंतर छायाचित्रही निघाले. दोन पावसाळे गेले आणि भेग त्याच जागी उघडली, पहिल्याहून रुंद. मी टोके जोडली होती; मजकूर वाचला नव्हता.

मग झटपट समेट नेहमीच चुकीचा का? तसे म्हणण्यास मी धजत नाही. पेशी दुप्पट होण्यापूर्वी तिच्यापाशी जुळी प्रत नसतेच. त्या अवस्थेत टोके जोडणे हाच तिचा मुख्य आधार. जेथे साक्षीदार उरला नाही, कागद नाही, तेथे माणसांनीही काय करावे? सत्य कळेपर्यंत रक्त वाहू द्यावे? माझा अपराध घाईचा नव्हता. साक्ष उपलब्ध असताना मी तिच्याकडे पाठ फिरवली, तो होता. कारण ती ऐकली असती तर दोघांपैकी एकाला दुखवावे लागले असते.

(सांधता न येणारी पेशी पुष्कळदा स्वतःच मरून जाते. यावर त्यागाचे प्रवचन करण्याचा मोह मलाही झाला होता. पण पेशीला इच्छा नसते, म्हणून तिला त्यागही नसतो. माणसाला ती पळवाट नाही.)

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या भावांकडे गेलो. त्यांच्या वडिलांचे शेजारी, ऐंशी ओलांडलेले, अजून हयात आहेत. त्यांना घेऊन आम्ही बांधावर उभे राहिलो. त्यांनी बराच वेळ इकडे-तिकडे पाहिले आणि एका कडुनिंबाकडे बोट दाखवले. थोरल्याने मान खाली घातली. धाकटा काही बोलला नाही. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर पुन्हा जायचे ठरले आहे.