गंज कुणाचा?

आपल्या जालन्याला समुद्र नाही. रेल्वेत रात्र काढली की मुंबईला पोहोचावे आणि तिथे तो पाहावा. परंतु गंज पाहायचा असेल तर आपल्याला कुठेही जायला नको. एमआयडीसीच्या रस्त्याने गेले की भंगाराचे ट्रक उभे दिसतात. देशभरातले लोखंड इथल्या भट्ट्यांत वितळते आणि त्याच्या सळया होऊन बाहेर पडतात. अशाच एका कारखान्यात आपल्या धर्मग्रामातला एक तरुण नोकरीला आहे. एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्याने मला गाठले. "सर, जहाज पूर्ण झालंय. मामाही आलेत मुंबईहून. चहाला याच."

जहाज म्हणजे 'विक्रांत'. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू युद्धनौका, ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला विजयलक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत आपल्या नौदलात दाखल झालेली. मूळ नौका सुमारे २१३ मीटर लांब होती. या मुलाने ती साडेतीनशे पटीने लहान केली आणि एकसष्ट सेंटिमीटरमध्ये बसवली. छायाचित्रे जमवून, प्लॅस्टिकचे पत्रे कापून, तांब्याच्या तारांचे कठडे करून चौदा महिन्यांत त्याने ती उभी केली. पाच मिलिमीटरचे खलाशी, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी विमाने. विमान जिथून उडते तो पुढचा चढ तर इतका सुबक की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

आणि सगळ्या अंगावर गंज. या छंदात त्याला वेदरिंग म्हणतात. ऊन, पाऊस आणि खारा वारा यांनी जहाजाची जी दशा होते, ती रंगाने दाखवायची. मुलगा उत्साहाने सांगत होता. आधी तांबूस रंगाचा हात द्यायचा, तो ओला करून त्यावर मिठाचे दाणे चिकटवायचे. वर राखाडी रंग फवारायचा आणि वाळला की मीठ घासून काढायचे. खालचा तांबूस रंग खपल्यांसारखा उघडा पडतो. मग तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून एकेक थेंब सोडायचा आणि कोरड्या ब्रशने सरळ खाली ओढायचा, म्हणजे ओघळ तयार होतात. चिमणीला काळ्या खडूची भुकटी. "गंज कसा दिसतो ते मला कुणी शिकवायला नको, सर. रोज आठ तास त्यातच असतो मी."

मामा गप्प होते. ऐंशीच्या दशकात ते याच जहाजाच्या इंजिनखोलीत होते. बराच वेळ त्यांनी बोट न लावता पाहिले आणि मग म्हणाले, "काम झकास केलंयस रे. पण आम्ही काय झोपा काढत होतो का?"

मुलाला कळेना. मामा म्हणाले, "गंजाचा ठिपका दिसला की चिपिंगची हातोडी घेऊन ठोकायचा, खरवडायचा, रेड ऑक्साइड लावायचा, वर राखाडी रंग मारायचा. बंदरात असलो की रोज हेच. नव्या पोरांचे हात सोलून निघायचे. एवढा गंज घेऊन बंदरात शिरलो असतो तर साहेबाने उभं केलं असतं आम्हाला. हा गंज तू जहाजाला नाही लावलास, आम्हाला लावलास."

मुलगा खट्टू झाला, पण गप्प बसला नाही. त्याचे म्हणणे असे की, करकरीत नवे जहाज म्हणजे खेळणे. त्यावर कुणी घाम गाळला, ते कुठल्या वादळातून आले, याची काहीच खूण नाही. घरातल्या जात्याचे टाके झिजलेले असतात म्हणूनच ते आजीचे जाते असते. जीर्णपणा दाखवणे म्हणजेच खरे दाखवणे.

त्याचे म्हणणे मला तरी उडवून लावता येईना. मग आम्ही तिघे हिशेबाला बसलो. साडेतीनशे पटीने लहान करायचे तर माणसाचा केससुद्धा त्या जहाजावर अंगठ्याएवढ्या जाड दोरासारखा ठरतो. नखाएवढी गंजाची खपली तर डोळ्यांना दिसणारच नाही. म्हणजे मिठाच्या एका दाण्याने उघडी पडलेली ती सुंदर खपली प्रत्यक्षात ताटाएवढी किंवा त्याहून मोठी. काटेकोर प्रमाण पाळले तर निगा राखलेल्या जहाजावर दाखवण्याजोगा गंज फारसा उरतच नाही. पाहणाऱ्याला 'वा' म्हणायला लावायचे तर तो वाढवावा लागतो. आणि मीही आत शिरताच 'वा' म्हणालोच होतो.

मग मामांनी खरा प्रश्न विचारला. "हे जहाज कुठल्या दिवसाचं आहे?"

बांधवांनो, त्या प्रश्नावर मी नंतर बरेच दिवस विचार केला. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांत बंगालच्या उपसागरात होती. तिच्यावरून उडालेल्या सीहॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. पण त्या वेळी तिच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. पूर्ण वेगाने धावणे तिला शक्य नव्हते. तरी ती गेली. बाहेरून रंग नीट आणि कठडे सरळ. तिचे सगळ्यात मोठे दुखणे पोटात, पाण्याच्या रेषेखाली होते आणि ते कुठल्याही ब्रशने दाखवता येत नाही. मामांनी हा किस्सा आपल्या वरिष्ठांकडून ऐकला होता आणि सांगताना आवाज उगाच खाली आणला होता, जणू अजूनही ते गुपितच आहे.

गंज आला तो नंतर. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली. पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये धोकादायक म्हणून लोकांसाठी बंद झाली. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात विकली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दारूखान्याला तोडायला घेतली. तिच्या पोलादाचा काही भाग वापरून एका कंपनीने २०१६ मध्ये मोटरसायकली काढल्या. मुलाने चितारला होता तो गंज या शेवटच्या वर्षांचा. तो खोटा नव्हता, पण त्याने डेकवर उभी केली होती १९७१ ची विमाने. आपण साऱ्यांनी तिला विसरल्याचा गंज त्याने तिला जिवापाड जपणाऱ्यांच्या अंगावर टाकला होता.

मोठी माणसे सांगतात, गंजण्यापेक्षा झिजावे. ऐकायला बरे वाटते. पण पाहणाऱ्याने झीज कोणती आणि गंज कोणता हे ओळखायचे कसे? जो रोज खरवडतो आणि रंग लावतो त्याची झीज दिसतच नाही. दिसतो तो फक्त ताजा रंग.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. काही वर्षांपूर्वी गरजू कुटुंबांना धान्य देण्यासाठी आम्ही काही जण घरोघर पाहणी करत होतो. एका विधवा बहिणीच्या घरी गेलो. भिंतींना चुना, मांडणीवर घासलेली भांडी, मुलांचे गणवेश इस्त्री केलेले. तिने चहा केला, साखर घालून. बाहेर आल्यावर मी तिच्या नावापुढे लिहिले, 'तातडी नाही.' पुढच्या घरात छप्पर गळत होते, माणूस रडून सांगत होता. तिथे मी लगेच होकार लिहिला. त्यालाही गरज होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चार महिन्यांनी शेजारणीकडून कळले की ती बहीण मुलांना जेवू घालून स्वतः रात्रीची पाणी पिऊन झोपत असे. त्या दिवशीची साखरही शेजारणीचीच होती.

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू उपवास करताना चेहरा उदास आणि विद्रूप करणाऱ्यांविषयी बोलतो. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, असे तो सांगतो. इतकी वर्षे मी ते उपवास करणाऱ्याला दिलेला इशारा म्हणून वाचत आलो. पण तोंड धुऊन, तेल लावून समोर बसलेल्या माणसाची भूक पाहणाऱ्याने कशी ओळखावी, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ती बहीण तेच तर करत होती. आणि माझ्या हातात पेन होते.

मला वाटते, दुसऱ्याचे दुःख रंगवणाऱ्यावर, मग तो चित्रकार असो, वक्ता असो की पाहणी करणारा माझ्यासारखा माणूस, एक ऋण असते. डाग कुठून आला ते ठाऊक नसेल तर तो काढू नये, आणि डाग नाही म्हणून जखम नाही असेही धरू नये. दुसरे पहिल्याहून कितीतरी अवघड. दीवला 'खुकरी'चे स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाणबुडीच्या हल्ल्यात ती नौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्या स्मारकात काचेमागे खुकरीची प्रतिकृती ठेवलेली आहे. तिच्यावर पाणतीराचे भगदाड रंगवावे, असे त्या १९४ घरांतल्या कुणाला वाटेल? आणि ते नाही म्हणून ती प्रतिकृती खोटी ठरते का? मला तरी तसे वाटत नाही. युद्धनौकेची हौस मुळात असावी का, असेही कुणी विचारील. तो वेगळा प्रश्न आहे. मामांसमोर तो विचारण्याचे धैर्य मला झाले नाही, एवढे कबूल करतो.

पुढच्या महिन्यात मुलाने पुन्हा बोलावले. कापसाच्या काडीने टर्पेंटाइन लावून त्याने बहुतेक सगळे ओघळ पुसले होते, खपल्या बुजवल्या होत्या. चिमणीची काजळी ठेवली होती. उतरताना विमानांची चाके घासतात तिथे डेकवर पुसट काळे पट्टे नव्याने ओढले होते. जहाज आता पहिल्याइतके नजरेत भरत नव्हते. त्याच्या मित्रांनाही आधीचेच आवडले होते म्हणे. मात्र पुढच्या बाजूला, नांगराची साखळी बाहेर येते त्या भोकाखाली, एक तांबूस ओघळ त्याने राहू दिला होता. केसाएवढा. मामांना फोटो पाठवून विचारले होते, हाही काढू का?

"तो असू दे," मामांनी कळवले होते. "तिथे दोरीला लटकून रंग लावायचो आम्ही. साखळी ओढली की दुसऱ्या दिवशी परत तसाच."