ऐंशी हजार तास

दिवाळीत घरी आलेला पाहुणा फराळाच्या ताटावर बसला की घरातल्या वयात येणाऱ्या मुलाला एक प्रश्न ठरलेला असतो : "मग, पुढं काय करणार?" या प्रश्नाचा खरा अर्थ 'पोट कशावर भरणार' एवढाच असतो, आणि चकली मोडेपर्यंत उत्तर मिळाले तरी पाहुण्याचे समाधान होते. पण हल्ली काही मुले स्वतःलाच आणखी एक प्रश्न विचारू लागली आहेत. कोणता व्यवसाय पत्करला असता आपल्या हातून जगाचे सर्वांत अधिक भले होईल? यातला 'सर्वांत अधिक' हा शब्द पाहुण्यांना नवा आहे. आपल्याकडे चांगले काम करावे असे सांगणारे पुष्कळ झाले. चांगल्या कामांची बेरीज-वजाबाकी करून त्यांतले सर्वांत मोठे निवडावे असे सांगणारे फारसे झाले नाहीत.

ही बेरीज-वजाबाकी ऑक्सफर्डच्या काही तरुण तत्त्वज्ञांनी मोठ्या निष्ठेने मांडली आहे. २०११ साली त्यांनी एक संस्था काढली आणि तिला 'एटी थाउजंड अवर्स' म्हणजे 'ऐंशी हजार तास' असे नाव दिले. आठवड्याला चाळीस तास, वर्षाला पन्नास आठवडे आणि एकंदर चाळीस वर्षे, असा माणसाच्या कामकरी आयुष्याचा हिशेब मांडला की ऐंशी हजार तास भरतात. घर घेताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, मग हे तास कुठे घालावयाचे याचा विचार आठवडाभर तरी करू नये काय, असे त्यांचे म्हणणे. त्यांचे दोन मुद्दे मोठे बोचरे आहेत. पहिला असा की, स्वतः सेवेला जाण्यापेक्षा भरपूर कमवून त्यातला मोठा भाग देऊन टाकणाऱ्याच्या हातून कधी कधी अधिक लोकांचे प्राण वाचतात. दुसरा असा की, तुम्ही गेला नाहीत तर ती जागा ओस पडणार नाही. तिथे दुसरा कोणी येईल. तेव्हा तुमचे खरे कर्तृत्व किती? तुमच्यात आणि त्या दुसऱ्यात जेवढा फरक, तेवढेच.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मलाही ते नेता आले नाही, कारण तो हिशेब घेऊन एक मुलगी माझ्यासमोर बसली होती.

वाघोली हे पुण्याहून नगरच्या रस्त्यावरचे गाव. पिलाजी जाधवरावांचे आणि वाघेश्वराचे हे गाव माझ्या पिढीला ठाऊक झाले ते मात्र दगडाच्या खाणींमुळे. अर्ध्या पुण्याचे पाये इथल्या खडीवर उभे असावेत. २०२१ साली गाव महापालिकेत गेले. आता खाणींच्या जोडीला अभियांत्रिकी महाविद्यालये आली आहेत, उंच इमारती आल्या आहेत, आणि खराडीच्या संगणक-कचेऱ्यांकडे जाणाऱ्या वाहनांनी रस्ता सकाळपासून तुंबलेला असतो. ही मुलगी इथलीच, आमच्या ओळखीच्या घरातली. संगणकाची पदवी हाती आलेली, खराडीची नोकरी ठरलेली. दोन वर्षे रविवारी ती खाणकामगारांच्या मुलांना शिकवायला जात होती. डोक्यावर शिक्षणाचे कर्ज. वडील ट्रकवर, आणि गुडघ्यांनी रजा मागितलेली.

"काका," ती म्हणाली, "मी खराडीला गेले तर जगाचं काय भलं होणार? आणि शाळेत गेले तर आमच्या घराचं काय होणार?"

पहिल्या प्रश्नाला पुस्तकी उत्तरे पुष्कळ आहेत. दुसऱ्याने मला गप्प केले.

'दुसरा कोणी येईल' हा मुद्दा मी आधी पुण्यातच तपासून पाहिला. १८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारा माणूस गेला. म्हणजे ऑक्सफर्डच्या भाषेत एक जागा रिकामी झाली. तिथे कोण आले? गोखल्यांनी आपल्या एका मुंबईच्या वर्गबंधूला बोलावले आणि १८९१ साली धोंडो केशव कर्वे पुण्याला गणित शिकवायला आले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे : १८९३ साली विधवेशी विवाह, १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, १९०० साली हिंगण्याची झोपडी, १९१६ साली महिला विद्यापीठ. टिळक वर्गातच राहिले असते तर कर्वे पुण्याला आले असते की नाही कोण जाणे. दोन माणसांमधला 'फरक' मोजावयाचा तर तो गणिताच्या तासाला मोजून काय उपयोग? त्या जागेवरून उठलेल्याने एक जग हलवले आणि तिच्यावर बसलेल्याने दुसरे. १८९० साली हिशेबाला बसणाऱ्या कोणत्याही शहाण्याच्या वहीत हिंगणे येणे शक्य नव्हते. हिशेब खोटा आहे असे मी म्हणत नाही. त्याची वही फार आखूड आहे एवढेच म्हणतो.

कमवून देण्याचा मुद्दा मात्र मला अधिक पटतो, आणि तोही कर्व्यांच्याच चरित्रातून. इतकी वर्षे पै-पै जमवणाऱ्या त्या विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले, आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला लागले. गिरणीमालक नसता तर विद्यापीठ खुरडत राहिले असते. कर्वे नसते तर गिरणीमालकाने तो पैसा कुठे दिला असता? यात मोठा कोण हे ठरवू पाहणाऱ्याने आधी टाळी कोणत्या हाताने वाजते ते ठरवावे. तुकोबांनीही संसारी माणसाला धन जोडण्यास मना केलेले नाही. पण ते उत्तम व्यवहाराने जोडावे आणि खर्चताना मन त्यात अडकू देऊ नये, अशा दोन अटी घातल्या आहेत. दानाचा हिशेब मांडणाऱ्यांची नजर पुष्कळदा दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे पैसा कुठे जातो याकडे असते. तो आला कोणत्या वाटेने, याकडे तुकोबांचे लक्ष आधी गेले.

आता घराचा प्रश्न. त्यागाच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो तेव्हा त्यागाचे बिल कोणाच्या नावावर फाटले हे सांगत नाही. आगरकरांनी एम.ए.च्या सुमारास आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करील असे मनोरथ तू करू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी वेळ परहितात घालवणार, अशा आशयाचे. पत्र थोर आहे. पण ते हाती आले तेव्हा त्या माउलीच्या मनात काय झाले असेल? आगरकर एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. कर्व्यांच्या घराची दुसरी बाजू पाहावयाची असेल तर त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे 'माझे पुराण' वाचावे. जगाच्या भल्यासाठी माणूस आपला वाटा सोडतो तेव्हा न विचारता घरच्यांचाही वाटा सोडत असतो. तो सोडूच नये असे नाही. पण त्यांना विचारावे.

म्हणून मी त्या मुलीला म्हटले, "नोकरी घे. कर्ज फेड. रविवार सोडू नकोस. तीन वर्षांनी पुन्हा ठरव."

ती हसली. "काका, तीन वर्षांनी ठरवणारी मीच असेन का?"

वकील झाली असती तर नाव काढले असते. पगाराची सवय लागलेला माणूस स्वतःचे वचन मोडत नाही. तो फक्त तारीख पुढे ढकलतो. याला उत्तर म्हणून मला पुन्हा त्याच सोसायटीकडे जावे लागले. तिच्या आजीव सभासदांनी वीस वर्षे सेवेचा बंध स्वतःवर घालून घेतला होता, तोही दरमहा पंचाहत्तर रुपयांच्या सुमारास. ही माणसे ध्येयवादी होती, मग त्यांना लेखी बंध कशाला हवा होता? कारण चाळिशीतला माणूस पंचविशीतल्या माणसाचे ऐकत नाही, हे त्यांना कळले होते. आणि एवढे करूनही सभासदांनी बाहेरची कामे करून मिळकत करावी की नाही यावरून त्यांच्यात जुंपली. टिळकांच्या राजीनाम्यामागचे एक मोठे कारण हेच होते. तेव्हा मी तिला सुचवले की काय सोडणार आणि कधी सोडणार हे लिहून काढ, आणि तो कागद आईच्या हाती दे. तिने मान हलवली, पण होय म्हणाली नाही.

तिच्या प्रश्नाला वाघोलीतच एक निराळे उत्तर उभे आहे. शांतिलाल मुथ्था हे पुण्यातले बांधकाम व्यावसायिक. व्यवसाय भरात असताना, तिशी नुकतीच ओलांडलेली असता ते त्यातून बाहेर पडले, आणि १९८५ साली त्यांनी भारतीय जैन संघटना स्थापन केली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. तिथली सुमारे बाराशे मुले या संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला आणली. वाघोलीला त्यांच्या राहण्याशिकण्याचे संकुल उभे राहिले. पुढे इतर आपत्तींतली मुले आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलेही इथे आली. इथे क्रम आगरकरांच्या उलट आहे. आधी कमावले, मग सोडले. तेव्हा तारीख न ढकलणारी माणसेही असतात.

पण बाराशे मुले म्हटली की मला निराळाच हिशेब सुचतो. बाराशे मुलांच्या दोन वेळच्या पोळ्या कोणी लाटल्या? पाण्याचे, संडासाचे कोणी पाहिले? महिनाअखेर पगार घेऊन, पण मन लावून, त्यांना पाढे कोणी शिकवले? यांतल्या कोणीही जगाच्या कल्याणाची तुलना करून ते काम निवडले नसेल. बऱ्याच जणांनी मिळाले म्हणून घेतले असेल. आज ती मुले पस्तिशी-चाळिशीची असतील. तुमचे सर्वांत अधिक भले कोणी केले, असे त्यांना विचारले तर संस्थापकांचे नाव ती आदराने घेतील यात शंका नाही. पण मला वाटते, क्षणभर थांबून त्यांतले पुष्कळजण अशा कोणा बाईचे नाव सांगतील, की जी पहिल्या काही महिन्यांत, रात्री जमीन हलल्याचा भास होऊन मूल किंचाळत उठले की दिवा लावून त्याच्याजवळ बसत असे.