ग्लॅमर : एका नजरबंदीची गोष्ट

सिनेमा आणि फॅशनच्या मजकुरात सर्रास भेटणारा ‘ग्लॅमर’ हा शब्द मूळचा स्कॉट्स भाषेतला, आणि तिथे त्याचा सौंदर्याशी संबंध नव्हता. त्याचा अर्थ होता नजरबंदी : पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर घातलेली अशी भूल की असते एक आणि दिसते दुसरेच.

त्याची व्युत्पत्ती गमतीची आहे. ‘ग्रामर’ म्हणजे व्याकरण, त्याचेच हे बदललेले रूप; पहिल्या ‘र’चा ‘ल’ झाला. मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिनची पोथीविद्या, आणि निरक्षर माणसाला पोथी वाचणारा मंत्रतंत्रही जाणत असणार असे वाटे. मंत्रांच्या पोथीला फ्रेंचमध्ये ‘ग्रिम्वार’ म्हणतात, तेही याच कुळातले.

अठराव्या शतकाच्या आरंभी कवी ॲलन रॅम्झीच्या लेखनात हा शब्द आढळतो. अर्लची पत्नी जिप्सींबरोबर निघून जाते, त्या प्रसिद्ध पोवाड्यात जिप्सी तिच्यावर ग्लॅमर टाकतात. रॉबर्ट बर्न्सनेही 1789 मध्ये तो जिप्सींच्याच संदर्भात वापरला. इंग्रजी वाचकांत तो रुजवला मात्र वॉल्टर स्कॉटने. ‘द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल’ (1805) या त्याच्या काव्यात एक खुजा, खोडकर सेवक जादूगाराच्या पोथीतला एकच मंत्र वाचतो. त्या बळावर तो घायाळ सरदाराला पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत गढीत नेतो. त्यांना दिसते ती गवताची गाडी. येथे सरदार तसूभरही बदलत नाही, फसतात ते पहारेकऱ्यांचे डोळे. स्कॉटने टिपेतही हाच अर्थ नोंदवला आहे.

पुढे अर्थाची ही धार बोथट झाली. टेनिसनच्या 1859 च्या काव्यात दंतकथेतला जादूगार ग्विडियन ग्लॅमरने फुलांपासून कुमारी घडवतो. म्हणजे जादू डोळ्यांवरून वस्तूवर सरकली. विसाव्या शतकात, हॉलिवूडच्या काळात, ग्लॅमर हा नटनटीच्या अंगचाच गुण ठरला. मंत्र टाकणारा आणि फसणारा, दोघेही शब्दातून निघून गेले.

हा ऱ्हासच म्हणायला हवा, कारण जुना शब्द अधिक नेमका होता. स्कॉटचे ते काव्य मराठीत आणणाऱ्याने ‘मोहिनी’च्या मोहात पडू नये. मोहिनी मनाला पडते, ग्लॅमर डोळ्यांवर टाकले जाते. त्यासाठी गारुड्याच्या खेळातली ‘नजरबंदी’च योग्य.