फळ कोणाच्या खाती?

निष्काम कर्माचा विचार आपल्याकडे बहुधा एकट्या धनुर्धराला समोर ठेवून झाला. परंतु 2023 साली हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघासह कांस्यपदक मिळविणारी, फलटण तालुक्यातील आसूची वैष्णवी फाळके हिच्यासारखी मधल्या फळीतील हॉकीपटू जेव्हा प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू हिरावून घेते आणि क्षणार्धात तो पुढे सोपविते, तेव्हा त्या कर्माचे फळ नेमके कोणाच्या खाती जमा धरावे, हा प्रश्न मागे उरतोच. सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचे तसे नाही. 2025 च्या विश्वचषकातील तिच्या 434 धावा क्रिकेटच्या दप्तरात तिच्याच नावे रुजू आहेत. मधल्या फळीच्या श्रमांची अशी नोंद गोलफलकावर होत नाही. पण एवढ्यावरून त्या खेळाडूस निष्काम ठरविणे हा माझ्या मते उतावळा निवाडा होय. कारण नाव न लागणे ही केवळ परिस्थिती आहे, तिला वैराग्य म्हणता येत नाही, आणि गोलाची आकांक्षा तर तिलाही तितकीच असते. (ती नसेल, तर प्रशिक्षक तिला खेळवील कशाला!) कदाचित तेथे फलाशा नष्ट न होता अकराजणींत वाटली जाते, आणि अशी वाटली गेलेली आशा अहंकाराला कितपत बांधते, याविषयी भाष्यकारांपेक्षा तिच्या सहकारिणींची साक्ष मला अधिक ग्राह्य वाटेल.