एकीची सायकल

जरा सैल होऊन बसा. पाय जमिनीला टेकू द्या. डोळे मिटा. श्वास त्याच्या लयीने येऊ द्या, जाऊ द्या.

आता मनात एक मैदान आणा. चीनमधलं शियामेन शहर, २०१७ची अखेर. डोक्याहून कितीतरी उंच गेलेला सायकलींचा ढीग. पिवळ्या, नारिंगी, निळ्या. हँडलात हँडल अडकलेलं. घाई नको. त्यातली एकच सायकल निवडा आणि नजर तिच्यावर ठेवा.

ती म्हातारी झालेली नाही. टायर भरीव आहेत, पंक्चरची भीती नाही. चौकट धड आहे. मग ती इथे का?

मूळ कल्पना चांगली होती. पेकिंग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी २०१४मध्ये ओफो ही सायकल कंपनी सुरू केली. पुढे सायकली भाड्याने देणाऱ्या अशा कंपन्या वाढल्या. मोबाइलने कुलूप उघडायचं, हवं तिथे जायचं, सायकल तिथेच सोडायची. पैसा ओतला गेला आणि गरजेपेक्षा चढाओढीपायी सायकली रस्त्यावर उतरत राहिल्या. २०१७मध्ये त्यांतली ब्लूगोगो कोसळली, २०१८मध्ये ओबाइकने सिंगापुरातून गाशा गुंडाळला. धडधाकट सायकली कुलूपबंदच राहिल्या.

इथे थांबा. एक प्रश्न मनात मुरू द्या: जी सगळ्यांची होती, तिच्या चेनला तेल कोण देणार होतं?

एक दीर्घ श्वास घ्या. आता म्यानमारमधल्या एका खेड्यातली वाट डोळ्यांपुढे आणा. माइक थान टुन विन या उद्योजकाने २०१९मध्ये सिंगापूर आणि मलेशियातल्या अशा सायकली स्वस्तात घेऊन तिथे नेल्या. मोबाइलवर चालणारं कुलूप काढून टाकलं. मागे एकाला बसता येईल अशी सीट लावली. मग शाळेसाठी दोन किलोमीटरहून जास्त चालणाऱ्या मुलांना त्या दिल्या.

त्या वाटेवर एक मुलगी मनात आणा. मागे धाकटा भाऊ बसलाय. आता ही सायकल सगळ्यांची नाही, तिची आहे. पाऊस आला तर ती सायकल आडोशाला घेईल. ब्रेक ढिला झाला तर तिला आधी कळेल. चालण्यातला वाचलेला वेळ अभ्यासाला, झोपेला, खेळाला मिळेल. पुनर्वापर म्हणजे नुसती वस्तू हलवणं नव्हे. तिला जपणारा माणूस मिळाला, की ती खरी पुन्हा वापरात येते.

आता आपल्याकडे या. पुण्यातही २०१८च्या सुमारास अशा भाड्याच्या सायकली आल्या आणि ओसरल्या. आणि तुमच्या सोसायटीच्या जिन्याखाली? मुलं मोठी झाल्यावर राहिलेल्या सायकली डोळ्यांपुढे आणा. त्यांतली कोणती कुणाच्या कामी येईल? शाळेत लांबून येणाऱ्या मुलीच्या? पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाच्या?

नाव सुचलं की डोळे उघडा. आधी त्या माणसाला विचारा, सायकल हवी आहे का, उंची जमेल का. मग ती दुकानात नेऊन ब्रेक, चेन, टायर नीट करून घ्या, साधं कुलूप लावा आणि किल्ली त्याच्या हातात द्या.